कानातला मळ

बाबा, परवा भंडाऱ्याला जाऊन कान दाखवून आले. कोणाला सोबत नेलं नाही. घरी सांगितलं, बहिणीकडे जाते.

काचेच्या छोट्या खोलीत बसवून तिथल्या मॅडमनी माझ्या कानांवर जाड डबे चढवले आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मला काचेतून त्यांचं बोट दिसत होतं. बोट हललं की मी दाबायची. पास होणारच, असं वाटलं. तर त्यांनी माझी खुर्ची भिंतीकडे फिरवली. मग किती वेळ गेला कोण जाणे, मी बटण धरून नुसती बसले. नंतर समोर बसून त्यांनी तोंडापुढे कागद धरला आणि म्हणाल्या, मी बोलते तसं बोला. कागदाच्या वरून डोळे तेवढे दिसत होते. त्यांनी कागद खाली केला आणि हसल्या. "मावशी, तुम्ही कानानं नाही, डोळ्यानं ऐकून राहिल्या."

आता त्यांना काय सांगू, की आमच्या पवनीच्या घरात सगळे असेच ऐकायचे. चार माग एका खोलीत. तुम्ही नुसते ओठ हलवायचे आणि आई सुतानं भरलेली कांडी आणून द्यायची. जेवतानाही आपण तसेच बोलायचो, आवाज न करता. पाहुणे म्हणायचे, या घरात भांडण झालं वाटते. त्या सवयीमुळे माझे कान कधी गेले, मलाच कळलं नाही. डोळे मिटून उभं राहायला सांगितलं तेव्हा तर मी सरळ कलंडले, मॅडमनी दंड धरला म्हणून वाचले. दोन्ही कानांना मशीन लागेल, चक्करसाठी व्यायाम करावे लागतील, पुढच्या वेळी घरच्यांना घेऊन या, असं त्या म्हणाल्या.

घरच्यांना म्हणजे सुनेला. ती मास्तरीण आहे, सोमवारपासून तिची शाळा सुरू होते आणि सात महिन्यांचा नातू दिवसभर माझ्याजवळ राहणार आहे. मागच्या आठवड्यात मी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होते. शेजारीण धावत आली आणि माझा हात ओढत मला आतल्या खोलीत घेऊन गेली. पोरगं रडून रडून लालबुंद झालं होतं. "का वं बाई, झोपली होती का?" ती म्हणाली. मी हो म्हटलं. सुनेला हे समजलं तर ती लेकरू माझ्याजवळ ठेवणार नाही. आणि नाही समजलं तर?

परवा घरी आले तर सुनेनं विचारलंच. कुठून तरी कळलं होतं. "का म्हणे डॉक्टर, आई?"

"काही नाही वं, मळ होता. काढून देला."

तोंडातून निघालं आणि मी जागच्या जागी थांबले. भाऊ तुम्हाला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला होता, तेव्हा ओट्यावर बसून तुम्ही हेच बोलला होता, शब्द न् शब्द. आणि मी त्यानंतर तुमच्या जावयांसमोर तुमच्यावर ओरडले होते, "कान साफ झाले ना बाबा, मंग काहून नाही ऐकत?" तुम्ही हसून खाली बघत धोतर नीट केलं होतं. मला वाटायचं, म्हातारा मुद्दाम करते. माझं चुकलं बाबा. फार चुकलं.

दाराच्या कडीला सूत बांधून त्याचं दुसरं टोक तुम्ही करदोड्यात अडकवायचे. मी लहानपणी विचारलं तर म्हणाले, मागाच्या खटखटीत कोण आलं ते समजत नाही वं. पण माग बंद असतानाही, जेवायला बसतानाही ते सूत असायचं. हे मला आज आठवतं आहे.

मॅडमनी दिलेला तपासणीचा कागद तांदळाच्या डब्याखाली आहे. तुम्हाला लिहिलेलं हेही तिथंच ठेवीन, आता तुम्हाला पाठवू तरी कुठं. सोमवारच्या आत सांगीन, असं रोज ठरवते. पण आज दुपारी सून बाजारात गेली तेव्हा मी पाळण्याला सूत बांधलं आणि दुसरं टोक माझ्या बांगडीला. बाळानं पाय झाडले, हाताला ओढ बसली, मी धावले. तेव्हा त्याला उचलायच्याही आधी माझ्या मनात आलं, की आता सुनेला काही सांगायची गरज नाही.