पहारेकऱ्याने घरधन्याला अडवले

तीर्थस्वरूप ताईंना दोन्ही हात जोडून नमस्कार. गुडघे कसे आहेत? (तुम्ही "बरे आहेत" असेच कळवाल, म्हणून निम्मेच खरे धरीन.)

तुमची धाकटी बहीण महिनाभर मला भाडेकरू समजत होती. आधी तिची बोटे सुजली, गालांवर लाल चट्टे उठले, आणि एके सकाळी चहा देताना म्हणाली, "भाऊ, खोली कधी सोडताय?" मी हसलो. ती हसली नाही. शेजारणीला मात्र सांगत होती, "माणूस गरीब आहे हो. देवापुढे बसतो नि कामावर जातो, आवाज म्हणून नाही." संसारात तिच्या तोंडून माझे ऐकलेले हे पहिलेच कौतुक, तेही परका समजून!

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ल्युपस नावाच्या रोगात शरीराचे पहारेकरीच घरच्यांना चोर समजून झोडपतात. इथे ते मेंदूपर्यंत पोचले असावेत. मला लगेच पटले. (कारखान्याच्या फाटकावर पहाऱ्याला असताना मीच एकदा मालकांना ओळखपत्र नाही म्हणून उन्हात उभे केले होते.) मग रक्तात आणि पाठीतून काढलेल्या पाण्यात त्या पहारेकऱ्यांचा, म्हणजे अँटीबॉडींचा, शोध घेतला. सापडल्या. मी म्हटले, "म्हणजे ठरलं!"

"नाही हो," बाई म्हणाल्या. "फाटकावर तुम्ही दिसलात म्हणून आतली मारामारी तुम्हीच केली का? धडधाकट माणसांतही या कधीकधी सापडतात."

मग जंतूंची बाधा नाही, दुसऱ्या औषधाचा परिणाम नाही, याची खात्री केली. सांधे, चट्टे, मेंदूचे फोटो सगळे जुळवून पाहिले, तेव्हा कुठे उपचार सुरू झाले. एवढे दिवस मी देवाजवळ एकच शब्द मागत होतो. परवा तो मिळाला: "अहो, माझा चष्मा कुठंय?" चष्मा तिच्या डोळ्यांवरच होता. तरी मी शोधत राहिलो; म्हटले, अजून एकदा हाक मारू दे.

तुमचा मेहुणा

ता. क. खरे काम असे: बाई म्हणतात, तिच्याशी सतत बोलत राहा. माझे विषय दोनच, देव आणि फाटक. दोन्ही कालच संपले. लहानपणी ती कशावर तासन्‌तास बोलायची, ते कळवा.

पुन्हा ता. क. आज जेवून गप्प बसलो होतो, तर म्हणाली, "भाऊ, खोली कधी सोडताय?" मी बाईंकडे जायला चप्पल शोधू लागलो. पाहतो तर तोंड फिरवून हसू दाबत होती. या तपासणीचा अर्थ बाईंना विचारावा लागला नाही. विषय मात्र लवकर धाडा.