गेटच्या आतली शाळा

२६ जानेवारी १९७६, सोमवार
झेंडावंदन. भाषण माझं. शिस्तीच्या मुद्द्यावर रंगात आलो होतो, तेवढ्यात मागच्या दारानं गवळी गल्लीतल्या धोंडुबाईची म्हैस आत आली. पाहुण्यांसाठी टेबलावर ठेवलेला झेंडूचा हार तिनं सावकाश खाल्ला. पोरं हसली, ते ठीक. स्टाफही हसला. पाहुणे म्हणजे आमच्या शिक्षण मंडळाचे साहेब. जाताना म्हणाले, मगदूम, ही शाळा आहे की गोठा? पुढच्या महिनाअखेर इन्स्पेक्शनला येतो, तेव्हा बघू.

एवढ्या गर्दीत साहेब फक्त माझ्याशी बोलले. याचा अर्थ उघड आहे. तीन वर्षं मी ॲक्टिंग हेडमास्तर. शाळा सुरक्षित करून दाखवली की परमनंट.

संकल्प: फेब्रुवारी संपायच्या आत कोल्हापुरात सगळ्यात सुरक्षित शाळा आमची.

२९ जानेवारी
मागचं दार विटा रचून बंद. कंपाउंडवर काचा. पुढच्या गेटला पंजाएवढं कुलूप, किल्ली शिपाई बाबालालच्या गळ्यात. साडेसातला प्रार्थना सुरू झाली की गेट बंद. त्यानंतर देव आला तरी पासशिवाय आत घ्यायचं नाही. पास माझ्या ऑफिसात मिळेल.

बाबालाल म्हणाला, सर, आत आल्याबिगर पास कसा मिळायचा? माणूस प्रामाणिक आहे, पण ॲडमिनिस्ट्रेशन त्याच्या आवाक्यातलं नाही.

स्टाफ मीटिंग. शंका फक्त शिवगंगाबाईंची. चौथीचा वर्ग त्यांचा, आणि माझ्यानंतर सीनियर त्याच. म्हणाल्या, निम्मी पोरं गवळी गल्लीतली, घरोघर दूध घालून येतात, त्यांना आठ वाजतातच. मी म्हणालो, उशिरा येणाऱ्यांनी बाहेर राहायचं. त्यांनी पुन्हा विचारलं, बाहेरच ना? मी म्हणालो, बाहेरच. बरं म्हणाल्या. इतकी आज्ञाधारक बाई मंडळात दुसरी नसेल.

२ फेब्रुवारी, सोमवार
योजना सुरू. गेटबाहेर बरीच पोरं, हातात रिकाम्या किटल्या. धोंडुबाईचा नातूही त्यांत. तिनं रस्त्यावरून आख्ख्या पेठेला ऐकू जाईल असं विचारलं, मास्तर, पोरं दूध घालून येत्यात, जुगार खेळून न्हाईत, दार का लावलंय? मी आतून सांगितलं की हे तुमच्या पोरांच्याच सुरक्षेसाठी आहे. ती म्हणाली, मग तुमीच का आत हाय?

उत्तर द्यायचं तर गेट उघडून द्यावं लागलं असतं.

४ फेब्रुवारी
शिवगंगाबाई आल्या होत्या. बाहेरची पोरं रस्त्यावर फिरतात, कुणीतरी लक्ष ठेवायला हवं, मी बाहेर थांबू का, म्हणाल्या. ताबडतोब परवानगी दिली. त्यांच्या वर्गाचं काय, असं विचारलं तर म्हणाल्या, त्याची काळजी करू नका. सिक्युरिटीची जाण एकेकाला उपजतच असते.

९ फेब्रुवारी
गेटवर आता उशिराचं एकही पोर दिसत नाही. शिस्त लागली. मला वाटलं होतं दोन महिने लागतील, आठवड्यात झालं.

बाकीच्या दोन मास्तरांनीही बाहेरची ड्यूटी मागून घेतली. स्टाफमध्ये अशी चढाओढ मी पूर्वी पाहिली नव्हती. चौथीतला फळा जागेवर नाही. बाबालाल म्हणाला, रंगवायला न्हेलाय. न सांगता कामं व्हायला लागली आहेत.

१२ फेब्रुवारी
कमालीची शांतता. टेबलावरच्या फायली प्रथमच शेवटपर्यंत वाचून झाल्या. वर्गात पोरं कमी आहेत. गोवराची साथ असावी.

लस टोचणारी नर्स आली होती. पास नव्हता, परत पाठवली. दुपारी तीच बाजारात भेटली आणि म्हणाली, तुमच्या सगळ्या पोरांचं टोचून झालं. कुठं, ते विचारायचं राहिलं. सरकारी खात्याचं काम हल्ली झपाट्यानं होतं.

१६ फेब्रुवारी, सोमवार
जड मनानं लिहितो आहे. माझी कमल चौथीत आहे. रोज माझ्याबरोबर निघते, पण कोपऱ्यावर तिला आठवतं की पेन्सिल राहिली, किंवा रिबन, किंवा रुमाल. परत जाते. आज तिला पोहोचायला पावणेआठ झाले. बाबालालनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. नियम म्हणजे नियम. स्वतःच्या लेकीला गेटबाहेर ठेवणारा हेडमास्तर दुसरा दाखवा.

पोरगी रडली नाही. उड्या मारत गेली. रक्त माझंच आहे.

सौ.नं रात्री ताट जरा आपटूनच वाढलं. कमल मात्र एकोणतिसाचा पाढा न अडखळता म्हणत होती. मग तीन शेर दूध पाच घरी कसं वाटायचं ते मला समजावून सांगू लागली. सुरक्षित वातावरणात बुद्धी वाढते, हे मी म्हणतच होतो.

२० फेब्रुवारी, शुक्रवार


आठ वाजता ऑफिसातून बाहेर आलो. पहिलीत कुणी नाही. दुसरी, तिसरी, चौथी, कुठंच नाही. बाबालालही नाही, गेटला बाहेरून कुलूप. आणि कुठून तरी पाढ्यांचा आवाज. गच्चीवर चढलो.

समोरच्या तालमीच्या अंगणात माझी सगळी शाळा बसली होती. पैलवान पहाटेच मेहनत करून जातात, मग अंगण मोकळंच. लिंबाखाली शिवगंगाबाई, भिंतीला चौथीचा फळा टेकवलेला. न रंगवलेला. पलीकडं दोघे मास्तर. बाबालाल तास झाल्यावर घंटा वाजवत होता. शाळेची घंटा. पोरं येतील तशी येत होती, किटल्या दारात ठेवून बसत होती. तालमीच्या दाराला फळीसुद्धा नाही. तिथं धोंडुबाई तांदूळ निवडत बसली होती आणि तिची म्हैस बाजूला बांधली होती. तीच म्हैस.

पहिल्या रांगेत कमल.

बाकीच्यांचं सोडा. पण कमल.

२१ फेब्रुवारी
सर्वांना बोलावून जाब विचारला. शिवगंगाबाई शांतपणे म्हणाल्या, सर, उशिरा येणाऱ्यांनी बाहेर राहायचं असं तुम्हीच सांगितलंत, मी एकालाही आत घेतलं नाही. आणि वेळेवर येणारी पोरं? ती म्हणे मुद्दाम उशिरा यायला लागली. बाबालाल म्हणाला, किल्ली गळ्यातच हाय की सर. कशात चूक काढावी तेच कळेना. विश्वासघाताला इतकं नियमात बसवलेलं मी पाहिलं नव्हतं.

मोठ्या मनानं माफ केलं. एकच अट, शुक्रवारी इन्स्पेक्शनला सगळ्यांनी वेळेवर आत असायचं. सगळे व्हय म्हणाले. कमलही म्हणाली. अजूनही माझा शब्द कुणी मोडत नाही.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार
पहाटे उठलो. नवा कोट. साडेसातला प्रार्थना. म्हणायला मी आणि बाबालाल. दूध घालायचं चुकवता येत नाही, असं पोरांनी निरोपात कळवलं, आणि पोरं बाहेर म्हणून तिन्ही शिक्षक बाहेरच्या ड्यूटीवर. गेट बंद झालं.

साहेब पावणेआठला आले. मी ऑफिसात स्वागताचे चार शब्द पाठ करत होतो. बाबालालनं त्यांना पास विचारला. नाही म्हटल्यावर परत लावलं. मला सांगायला आला तेव्हा मी त्याच्या अंगावर ओरडलो. तो म्हणाला, देव आला तरी सोडू नको, असं तुमीच म्हणालासा.

धावत बाहेर गेलो. साहेब तालमीत. दारात धोंडुबाईनं अडवून विचारलं होतं, पावणं, कुणाकडं? पेठ वडगावचे म्हटल्यावर कुणाच्यातले ते विचारलं, मामाचं नाव काढून घेतलं, मगच आत सोडलं. आता ते लिंबाखाली बसून पेलाभर ताजं दूध पीत होते आणि पोरांना हिशेब घालत होते. पोरं सोडवत होती. मी गेटजवळ उभा आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

निघताना साहेब शिवगंगाबाईंना म्हणाले, बाई, दार उघडं आणि दारावर माणूस, असंच पाहिजे. मग माझ्याकडे वळून म्हणाले, मगदूम, तुमची इमारतही छान राहिली आहे. एक ओरखडा नाही.

याला कौतुकच म्हणतात. ऑर्डरची वाट पाहतो.

८ मार्च, सोमवार
ऑर्डर आली. परमनंट हेडमास्तर शिवगंगाबाई. मी मंडळाच्या गोदामाचा इनचार्ज. साहेबांनी स्वतः सांगितलं की सुरक्षेची एवढी आवड असलेला दुसरा माणूस त्यांच्याकडे नाही.

बाबालालनं जाताना हार घातला. झेंडूचा. डोळे पुसत होता. मला त्याचं रडणं पाहवलं नाही, पण ते खरंही वाटलं नाही.

१५ मार्च
गोदाम. मोडकी बाकं, जुने नकाशे, पत्र्याच्या पेट्या. कुलूप उत्तम आहे. दिवसभर कुणी आलं नाही. कुणी येण्याचं कारणही नाही. आठ वाजले की कान उगाच पोरांच्या कालव्याकडे लागतात. इथं काही ऐकू येत नाही. फार एकटं वाटतं, हे इथं लिहायला हरकत नाही.

शाळेचं गेट आता दिवसभर उघडंच असतं, म्हणे. पोरं दूध घालून आठला येतात आणि आत बसतात. कमल साडेसहालाच घरातून निघते. पेन्सिल राहत नाही, रिबन राहत नाही. आज जेवताना विचारलं, माझ्या वेळी तुला रोज उशीर कसा व्हायचा?

म्हणाली, आप्पा, लवकर आले असते तर तुमच्याबरोबर आत बसावं लागलं असतं.

सौ.नं ताटात आणखी भात वाढला. नको म्हणालो नाही.