लाल वहीतलं पाचवं नाव

जवळा बाजार,
१८ नोव्हेंबर, मंगळवार

श्री. मोहनसिंग राठोड, मुक्काम पुणे, सातवा मजला, यांना चाँद पाशा टेलर याचा सलाम आणि रामराम. (दोन्ही पाठवतो आहे, लागेल ते ठेवून घे.) पारूवहिनींना आदाब, सुदामला आणि सूनबाईंना आशीर्वाद, लेकराला माझ्या वतीने एक गालगुच्चा. तुझा गुडघा काय म्हणतो? डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून सांगितलं आणि पोराने तुला नेऊन सातव्या मजल्यावर ठेवलं, हे मला अजून उलगडलेलं नाही. (लिफ्ट आहे, ठाऊक आहे. पण लाईट तिथेही जातच असेल.) माझी तब्येत उत्तम आहे. साखर ताब्यात आहे, भूक बरी आहे, सुईत दोरा अजून स्वतःच ओवतो. फोन न करता पत्र लिहायचं कारण असं, की तू फोन स्पीकरवर टाकतोस, मग मी तुला विचारतो आणि उत्तर सुदाम देतो. ही गोष्ट घरभर ऐकवण्यासारखी नाही. पत्र एकट्याने वाच आणि चष्मा लावून वाच.

आधी एक सांगून टाकतो. तू गेल्याने इथे कुणाचंही काही अडलेलं नाही. आठ महिने झाले, बाजार भरतो, कापूस येतो, सोयाबीन येतं, सगळं बराबर चाललं आहे. दुकानातल्या तुझ्या स्टुलावर मी शिवून झालेले कपडे ठेवतो, तेवढीच जागेची सोय झाली. (हल्ली शिवायला फारसं येत नाही, सगळे रेडीमेड घालतात. पण स्टूल रिकामं दिसू नये म्हणून माझाच जुना कोट त्यावर घडी घालून ठेवला आहे.) आपण चार वाजता चहा घ्यायचो ती वेळही मी वाया घालवली नाही. दुकानाचं शटर ओढून एसटी स्टँडवर जाऊन बसायला लागलो. परभणी, औंढा, हिंगोली, सगळ्या गाड्यांच्या वेळा तोंडपाठ झाल्या. लोक विचारायचे, मी सांगायचो. एकदा एका बाईने मला महामंडळाचा माणूस समजून पंधरा मिनिटं फैलावर घेतलं, कारण तिची गाडी चुकली होती. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. खरं सांगतो, त्या दिवशी बरं वाटलं.

मग दसऱ्याच्या सुमाराला ती खोली उघडली. ग्रामपंचायतीची कोंडवाड्याशेजारची, जिच्यात आपण शाळेतून पळून बसायचो तीच. एका संस्थेने ती झाडून, चुना मारून घेतली आणि तिथे म्हाताऱ्या माणसांसाठी केंद्र काढलं. दोन गाद्या, एक कॅरम, रोजचा पेपर, रक्तदाब मोजायचं यंत्र आणि चार वाजता चहा. हिंगोलीहून निलम नावाची मुलगी आठवड्यातून तीन दिवस बसने येते आणि हे सगळं सांभाळते. आम्हाला पहिल्या दिवशी तिने आजोबा म्हटलं. मी तिला तिथल्या तिथे सांगितलं, की आजोबा हे नात्यातल्या माणसाने म्हणायचं, तू काका म्हण. तेव्हापासून काका म्हणते. मुलगी समजूतदार आहे, फक्त ड्रेसचा खांदा अर्ध्या इंचाने उतरलेला आहे. (मी दुरुस्त करून दिला असता, पण वयात आलेल्या मुलीला असं कसं सांगायचं.) तर चार ते सहा मी तिथे असतो. चहा पातळ असतो, कॅरमची एक सोंगटी हरवली आहे, पण मला ती खोली आवडते, यात लपवण्यासारखं काही नाही.

लपवण्यासारखं पुढे आहे. संस्थेची मूळ योजना निराळीच निघाली. ज्या म्हाताऱ्या माणसाला घरी बोलायला कुणी नाही, त्याच्याकडे आठवड्यातून दोनदा दुसऱ्या कुणीतरी जाऊन तासभर बसायचं. निलमने सभा घेतली. आम्ही एकोणीस जण होतो. तिने टेबलावर दोन वह्या ठेवल्या, एक लाल आणि एक निळी. ज्यांना सोबत हवी आहे त्यांनी लाल वहीत नाव लिहायचं, ज्यांना सोबत द्यायची आहे त्यांनी निळ्या. मोहनसिंग, तू आपला गाव ओळखतोस. रेशन असो, घरकुल असो, लाभार्थी व्हायला आपण रांगेत एकमेकांचे सदरे फाडतो (मग ते माझ्याकडेच शिवायला येतात). पण इथे एकोणीसच्या एकोणीस जण निळ्या वहीवर तुटून पडले. तांड्यावरून तुझी भिकाबाई आक्का दोन किलोमीटर चालत आली होती. तिला धाप लागलेली, पाण्याचा तांब्या हातात. निलम तिच्यापुढे लाल वही घेऊन गेली, तर आक्का म्हणाली, "मला काहून पायजे सोबत? समद्या तांड्याची सोबत मीच करून राहिले." आणि निळ्या वहीत अंगठा उठवला. एकूण सोबती एकोणीस, लाभार्थी शून्य.

निलम बिचारी हसली, पण हसण्यासारखं नव्हतं. संस्थेचा नियम असा, की तीस नोव्हेंबरपर्यंत लाल वहीत स्वतःच्या सहीने किमान पाच नावं झाली नाहीत तर खोली बंद. गाद्या, कॅरम, यंत्र सगळं उचलून डोंगरकड्याला नेणार, तिथे तेरा नावं तयार आहेत म्हणे. (डोंगरकड्याच्या लोकांना एवढं मोकळं कसं होता येतं, चौकशी करायला हवी.) मग तिने एक युक्ती काढली. गावात कुणाला सोबतीची गरज आहे असं तुम्हाला वाटतं, त्याचं नाव चिठ्ठीवर लिहून द्या, म्हणाली. आता पेनं भराभर चालली. चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा एकूण एक चिठ्ठीवर आमच्यातल्याच कुणाचं तरी नाव होतं. माझं नाव चार चिठ्ठ्यांवर होतं. चार! ते चौघे कोण, हे निलमने सांगितलं नाही. मी आल्यागेल्याच्या अक्षरावर नजर ठेवून आहे.

मी कुणाचं नाव लिहिलं होतं ते तू ओळखलंच असशील. समोरच्या कापडदुकानातल्या पुनमचंदचं. अकरा वर्षं आम्ही बोलत नाही, कारण तुला पाठ आहे, तरी पुन्हा सांगतो. पोराच्या लग्नात घालायला स्वतःची पँट माझ्याकडे शिवायला टाकली. माप देताना पोट आत घेऊन उभा राहिला. लग्नात जेवायला बसला तेव्हा पोट सोडलं, पँट कमरेवरून वर सरकली आणि खाली दोन बोटं आखूड दिसली. त्यावर भर मांडवात म्हणाला, की चाँदने कापड मारलं. शिंप्याला याहून वाईट काही म्हणता येत नाही. तर ज्याची बायको वारली, दोन्ही पोरं नांदेडला, चार मजल्यांचं घर आणि आत एकटा, अशा माणसाला सोबतीची गरज आहे असं मी लिहिलं, आणि ते थोडं खुन्नसनेच लिहिलं. निलमने ठरवलं, की ज्याने ज्याचं नाव दिलं त्याने (एकाहून जास्त असतील तर सर्वांत जवळ राहणाऱ्याने) एकदा त्याच्याकडे जाऊन यायचं, सहा प्रश्न विचारायचे आणि कागद भरून आणायचा.

रविवारी दहा वाजता मी गळ्यात सोबतीचं कार्ड घालून दुकानातून उतरलो. रस्त्याच्या मधोमध पुनमचंद येताना दिसला. त्याच्याही गळ्यात कार्ड. त्याने माझं नाव लिहिलं होतं. तिथेच आमची वादावादी झाली, कारण मी त्याच्या घरी जाऊन बसल्याशिवाय माझा कागद भरत नव्हता आणि त्याचा माझ्याकडे बसल्याशिवाय. एक ट्रॅक्टर आमच्यामुळे थांबून राहिला. शेवटी ठरलं, घड्याळ लावून अर्धा तास त्याच्याकडे आणि मग अर्धा तास माझ्याकडे.

त्याच्या घरी मी प्रश्न वाचले, त्याने भिंतीकडे बघत उत्तरं दिली. झोप लागते, जेवण होतं, औषधं घेतो. माझ्या दुकानात आल्यावर तो तुझ्या स्टुलावर बसायला निघाला. मी त्याला गिऱ्हाइकाच्या बाकड्यावर बसवलं. त्याने तेच प्रश्न मला वाचून दाखवले आणि मी शिवणयंत्राकडे बघत तीच उत्तरं दिली. सहावा प्रश्न असा होता, की अचानक काही झालं तर पहिली हाक कुणाला माराल. मी यंत्राला तेल घालायला लागलो. माझ्या तोंडात एकच नाव आलं होतं, ते तुझं, आणि पुण्यापर्यंत हाक जात नाही. पुनमचंद कागदाची घडी करत म्हणाला, "तुजं शटर साडेनऊला वर व्हतंय. दहा वाजले तरी झालं न्हाई की मी दुकानातल्या माणसाला बघाया धाडतो. अकरा साल झाले."

मला एकदम आठवलं. गेल्या श्रावणात मला ताप होता तेव्हा त्याच्याकडचा माणूस येऊन, शर्टाचं एक बटण आहे का, असं विचारत होता. मी त्याला अंथरुणातूनच हाकलून दिलं होतं. त्याआधीही दोन-तीनदा बटण मागायला आला होता. ज्याच्या दुकानात बटणांची बरणी काउंटरवर ठेवलेली असते, तो माझ्याकडे बटण मागतो, याचं मला कधी नवल वाटलं नाही. जन्मभर शिंपीकाम करून एवढा साधा टाका मला दिसू नये, याची लाज वाटली. मी त्याला चहा केला. चहा पिऊन तो म्हणाला, पँट आखूडच होती. मी म्हणालो, पोट मोठं होतं. एवढं बोलून तो गेला.

काल सोमवारी पुनमचंदने केंद्रात जाऊन लाल वहीत सही केली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, बोलायला कुणी नाही. एवढा मोठा दुकानदार, त्याने लिहिलं म्हटल्यावर बाकीच्यांची भीड चेपली. भिकाबाई आक्काने अंगठा दिला (तिचं म्हणणं, सोबतीला येईल त्याला कामाला लावता येईल), मग आणखी दोघांनी. चार झाली. आता एक कमी आहे आणि सगळे चहा पिताना माझ्याकडे बघतात. मी पेपर तोंडापुढे धरतो. माझा लाल वहीशी काही संबंध नाही. मला दुकान आहे, गिऱ्हाइकं आहेत, स्टँडवर ओळखी आहेत. असो. प्रकृतीला जप, गुडघ्यावर गरम पट्टी बांध आणि पुण्याच्या टेलरकडे काही शिवायला टाकू नकोस.

अजून दोरा स्वतः ओवणारा,
चाँद पाशा

ता. क. सोबत एक फॉर्म पाठवला आहे. खडूने फुली केली आहे तिथे सही करून अठ्ठावीस तारखेच्या आत उलट टपालाने पाठव. पाचवं नाव तुझं घालतो. तू पुण्यात राहतोस हे फॉर्ममध्ये कुठेही विचारलेलं नाही आणि तांड्यावरचं घर तुझ्याच नावावर आहे. पुण्यात तुला कुणी ओळखत नाही, त्यामुळे लाजेचा प्रश्न येत नाही. या एवढ्यासाठी हे सगळं लिहिलं. मागच्या बाजूला नियम छापले आहेत ते वाचू नकोस, मीही वाचलेले नाहीत.

ता. क. दुसरा, गुरुवार. पाकीट टाकायचं राहून गेलं होतं, बरंच झालं. फॉर्म काढून घेतला आहे, सही पाठवू नकोस. आज मला उठायला उशीर झाला. शटर वर केलं तेव्हा दहा वाजून गेले होते, आणि बाहेर पुनमचंद स्वतः उभा होता. मला बघून म्हणाला, एक बटण हवं होतं. मी दिलं. चार वाजता जाऊन लाल वहीत सही करून आलो. पाच झाली, खोली राहिली.

ता. क. तिसरा. कारणाचा रकाना एका ओळीचा आहे. मी लिहिलं, मोहनसिंग पुण्याला गेला. निलमने ते वाचलं आणि फॉर्मच्या मागे छापलेला नियम मला दाखवला, की कारण मिटलं तर नाव कमी करण्यात येईल. म्हणजे तू आलास तर माझं नाव कापलं जाईल, चारच उरतील आणि खोली बंद होईल. स्टुलावरचा कोट काढून ठेवला आहे. तरी ये.