सुवाच्य अक्षर

नावडे, नवी मुंबई
६ जानेवारी २०२५

ती. सुंदरा मावशीस,
मैत्रीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

एखाद्याने सांगितलेलं नसताना त्याचं दुखणं आपल्याला कळलं, तर पुढे त्याच्याशी बोलायचं कसं? मावशी, मला याचं उत्तर येत नाही. फार्मसीच्या परीक्षेत हा प्रश्न नव्हता. तुझा फोन ओटीवर सगळ्यांसमोर वाजतो, म्हणून पत्र.

आमच्या तळोज्याच्या कंपनीत डॉक्टरांच्या चिठ्ठ्या येतात आणि आम्ही औषधं टपालाने घरोघरी पाठवतो. गेल्या आठवड्यात एका चिठ्ठीवर लहानपणापासून ओळखीचं नाव दिसलं. कोणाचं ते तुलाही लिहिणार नाही. हात थांबला, पण डबा भरला.

एक काम मात्र मनासारखं केलं. औषधांवर सगळं इंग्रजीत. गावच्या माणसाने वाचायचं कसं? म्हणून मी डब्यावर मराठीत लिहायला लागले, गोळी कधी घ्यायची आणि कशासाठी. साहेब म्हणाले, हौस असेल तर लिहा.

खोलीतली मैत्रीण लग्न होऊन गेली. संध्याकाळी कारखान्यांचा वास येतो, खिडकी लावून बसते. रविवारी भाजीवालीशी बोलले तेवढंच. तू बरी आहेस ना?

आईपेक्षा तुझ्या पत्राची जास्त वाट पाहणारी,
मैत्री

ता. मंडणगड
१८ जानेवारी २०२५

चि. मैत्रीस,
सुंदरा मावशीचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुझी आई इथे आली की सांगत सुटते, आमच्या घरातली पहिली पदवीधर, औषधांची मोठी साहेब. साहेबीणबाई, भात तरी नीट शिजवता का?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. इथलीच एक गोष्ट कळवते. टपाल हौसेरावांच्या दुकानात ठेवतात, तुला ठाऊक आहे. सगळ्यांना वाचून दाखवायची त्यांना सवय. माणूस भला आहे.

इथल्या एका बाईचा डबा दर महिन्याला येतो. नवरा गेल्यापासून तिला झोप नाही, भांडी घासता घासता रडू येतं. इंग्रजी कोण वाचतो? ती गुडघ्यांचं औषध म्हणायची, लोकांना पटायचं. या खेपेला डब्यावर मराठीत होतं. हौसेरावांनी भर दुकानात वाचलं, रोज रात्री एक, मन उदास राहतं त्यासाठी.

वाईट कोणी बोललं नाही. नळावर बायका आता तिच्याशी हळू आवाजात बोलतात, एवढंच. शेजारची जाई रात्री सोबतीला झोपायला यायची, तिला घरचे पाठवत नाहीत. बाईने गोळ्या फळीवर ठेवून दिल्यात.

अक्षर फार सुवाच्य होतं गं. चौथीत पाटीवर तुझ्याकडून तिनेच गिरवून घेतलेलं, ओळखणार नाही का? राग नाही तिला.

वेळेवर जेव, एवढंच मागणं.
तुझी मावशी

नावडे
२ फेब्रुवारी २०२५

ती. मावशीस,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र वाचून जेवले नाही, रागावू नकोस. इंग्रजी ही त्या बाईच्या दाराची कडी होती. ती मीच काढली, आणि वर स्वतःलाच शाबासकी दिली.

दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर उभी राहिले. काम वाढेल म्हणून ते कुरकुरले, पण ऐकलं. आता डब्यावर फक्त नाव आणि पत्ता. मराठी चिठ्ठी आत, औषधाला गुंडाळून. त्या बाईचं काम मी माझ्यासोबत काम करणाऱ्या शुभदाकडे दिलं, ती तिला ओळखत नाही. यापुढे बाई सांगेल तेवढंच मला माहीत.

तिला एवढं सांग, गोळ्या अशा मधेच सोडायच्या नसतात. डॉक्टरांशी बोलून लगेच पुन्हा सुरू कराव्यात.

आठ दिवसांची रजा घेतली आहे. एसटीचं तिकीट काढलं, शनिवारी सकाळी पोहोचते. जाई झोपायची तिथेच माझं अंथरूण घाल. हवं तर आपण गुडघ्यांविषयीच बोलू.

माया आहे तशीच असू दे.
तुझी
मैत्री