भरिताचा धूर आणि रक्तातली चरबी

असोदा

आदरणीय झुलालभाऊ यांस,

असोद्याहून प्रेमराजचा रामराम. सोनगीरला तुमचा गुडघा, वहिनींचा खोकला आणि नव्या म्हशीचा स्वभाव ठिकाणावर असावा. माझं डायलिसिस चालू आहे (केळीच्या गावात राहून केळं बंद, पाणीसुद्धा मोजून). पण हे पत्र तुमच्या बहिणीविरुद्धच्या तक्रारीचं आहे. मला किडनी द्यायला निघालेली दिपमाला मागल्या आठवड्यात ऐन संमतीच्या सहीच्या वेळी अडून बसली.

झालं असं, की ऑपरेशनआधीच्या तपासणीत माझं ट्रायग्लिसराइड तीनशे साठ निघालं. ही रक्तातली एक चरबी (नावावरूनच माणूस गुन्हेगार वाटतो). दिपमालानं आकडा वाचला आणि माझा सदरा हुंगला. त्याला कपाशीच्या काड्यांच्या धुराचा वास होता. आता आपल्याकडे असा धूर म्हणजे भरीत आणि भरीत म्हणजे वर बोटभर तेल, हे शेंबडं पोरही सांगेल. उखर्डूच्या मळ्यात भरीत-पार्टी होती आणि मला फक्त वांगी कुटायला बोलावलं होतं. किडन्या गेल्या तरी हात शाबूत आहेत. पण ती म्हणाली, "मनी किडनी काय तुमना भरीतसाठे शे का?" आणि तेलाची बरणी कुलपात गेली.

शेवटी तिला घेऊन जळगावच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, किडनी निकामी झाली की रक्तातली चरबी मोडण्याचं कामच मंदावतं. खाण्यात तेल नसलं तरी हा आकडा चढतो आणि चांगलं कोलेस्टेरॉल तेवढं उतरतं. मी किल्ला जिंकल्यासारखा ताठ बसलो. दिपमालानं माझ्याकडे बघितलंही नाही. तिनं एवढंच विचारलं, "बाई, मनी किडनी बसाडी ते हाई बठ्ठं उतरी का?" किडनी बसवल्यावर हे सगळं थोडंफार सुधारेल, पण नंतरच्या औषधांनीही चरबी वाढते, पथ्य सुटणार नाही, असं बाई म्हणाल्या. तरी हिनं तिथंच सही केली.

तेव्हा निर्दोष नवऱ्यावर आळ घेतल्याबद्दल मोठा भाऊ म्हणून तुम्ही तिची कानउघाडणी करावी, ही विनंती.

तुमचा,
प्रेमराज

ता. क. भरीत मी खाल्लं होतं. कळण्याच्या भाकरीशी, दोनदा मागून. कानउघाडणी राहू द्या.

आणखी एक. ऑपरेशन सोमवारी नाशिकला आहे. बायकोच्या माहेरचं माणूस आलं की आधी जावयाची विचारपूस करतं, अशी आपली रीत. या वेळी ती मोडा. सरळ तिच्या खाटेपाशी जाऊन बसा. ती घाबरली आहे आणि मला सांगत नाही. मलाही भीती वाटते, भाऊ, पण मला तर मिळणार आहे. जाणार तिचं आहे.