वाचक-प्रथिनाची अनुपस्थिती

३ जून, सकाळ
स्वस्ति श्री! समस्त-क्रोमॅटिन-साम्राज्य-चक्रवर्ती, हिस्टोन-चिन्ह-रहस्यभेदक, आरएनए-कर्तन-संधान-विद्याविशारद, तळमजला-प्रयोगशाळा-सार्वभौम, डीपफ्रीझर-किल्ली-धारक असे जे आम्ही, ते आजपासून रोजनिशी लिहिण्यास सिद्ध झालो आहोत. वाचक अपेक्षित नाही.
संचालिकाबाई म्हणाल्या, महिनाअखेरपर्यंत तुमच्या प्रथिनाचं महत्त्व सिद्ध करा, नाहीतर प्रयोगशाळा दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल. आम्ही मंद स्मित केले.

४ जून
विजयाच्या भाषणाची तालीम, आरशासमोर. ‘पेशीत डीएनएचा धागा हिस्टोन नामक रिळांवर गुंडाळलेला असतो. रिळांवर रासायनिक खुणा असतात. त्या खुणा वाचते आमचे प्रथिन! ते वाचते म्हणून जनुकाची आरएनए-प्रत निघते. प्रतीतले कोणते तुकडे कापायचे, कोणते जोडायचे, तेही तेच ठरवते!’ पत्नीने बाहेरून विचारले, अहो, फोनवर आहात का? नाही म्हटले. मग हळू बोला, म्हणाली.
संकल्प: पेशींतून प्रथिन समूळ नष्ट करणे. पेशींत हाहाकार. महत्त्व सिद्ध.

९ जून
प्रथिन नष्ट. पेशींना कळलेले दिसत नाही. धक्क्यात असाव्यात.

१३ जून
कनिष्ठेने (सहकारी, पूर्वी आमचीच विद्यार्थिनी) मोजमाप केले. आरएनएच्या प्रती होत्या तेवढ्याच. ‘सर, पेशी मजेत आहेत.’ शब्दप्रयोग अशास्त्रीय. समज दिली. तिने मान डोलावून हेडफोन लावले.

१७ जून, दुपार
विजय! प्रती तेवढ्याच, परंतु कापाकापी बदलली! तुकडे लांबीनुसार वेगळे करून दाखवणाऱ्या जेलवर नवी पट्टी: राहायचा तो तुकडा गळालेला. नमुने आम्ही स्वहस्ते भरले होते. संचालिकाबाईंना फोन. ‘बरं,’ म्हणाल्या. भावना आवरल्या असाव्यात. पत्नी म्हणाली, येताना साबण आणा. आणला नाही. इतिहास घडवणाऱ्याने साबण आणायचा?

२० जून
कनिष्ठेने प्रयोग पुन्हा केला. पट्टी नाही. पुन्हा. नाही. विचारते, सर, त्या दिवशी चष्मा होता का? प्रश्न अप्रस्तुत. (चष्मा गाडीत होता.) तिच्या मते आम्ही भलत्याच पेशींची नळी घेतली, झाकणावरची खूण वाचली नाही. आम्ही! खूण!

२४ जून
कारण सापडले. तिला. आमच्या प्रथिनाला एक भावंड आहे. घडण तीच, नाव क्षुल्लक. आमचे नसले की त्याच खुणा ते वाचते आणि काम निमूट उरकते. ‘सर, हे तर जास्तच भारी आहे!’ तिने संचालिकाबाईंना सांगितले. त्यांनी तिला बसायला सांगितले. आम्ही उभे होतो.

२५ जून
व्यूह: न कळवता काही दिवस गैरहजर राहणे. संस्थेस आमचे मूल्य आपसूक उमगेल.

३० जून
परतलो. डीपफ्रीझर उघडाच होता. दुसरी किल्ली असते म्हणे. कनिष्ठा म्हणाली, ‘काल तुम्ही नव्हतात का, सर?’ वाईट वाटायला हवे होते. थांबून पाहिले. काही वाटले नाही. चहा घेतला. येताना साबण आणला. घरात आधीच आला होता.

४ जुलै
प्रयोगशाळा कनिष्ठेकडे. आम्ही ‘ज्येष्ठ सल्लागार’, जिन्यामागची खोली. पत्नी म्हणाली, म्हणजे आता लवकर घरी येणार? मग: रोज?

७ जुलै, दुपार
या खोलीतला दिवा हालचाल टिपून आपोआप लागतो. माणूस स्वस्थ बसला की विझतो. दर दोन ओळींनी हात हलवावा लागतो. वायरमनला बोलावले. त्याने दारातूनच पाहिले. ‘साहेब, खोलीत कुणी असलं की लागतो तो.’ मी आहे ना, म्हटले. बघतो म्हणाला आणि गेला. अजून आलेला नाही. सेन्सर उजव्या कोपऱ्यात आहे, आणि लिहितो मी उजव्या हाताने; तो हलवायचा तर लिहिणे थांबते. डावा हलवून पाहिला. तो त्याला दिसत—