माधवीचं पिल्लू

४ जानेवारी १९९७
माधवी आज पुन्हा सरांच्या गाडीतून रायापूरला. मी टाउन बसने, उभी. सरांकडे पीएच.डी.ला मी तिच्या दोन वर्षं आधी लागले. तिथल्या डुकरांच्या शेडवर पत्रे चढले ते माझ्यादेखत. आणि गाडीत पुढच्या सीटवर कोण, तर ही! वर मला ‘अक्का’ म्हणते. आग होते नुसती.

११ जाने.
इंग्लंडला ट्रेनिंगची एकच जागा आहे. जिच्या लसीचा डोस आधी लागू पडेल ती जाणार. सर सांगत होते दोघींना, बघत होते तिच्याकडे.
आईला सांगितलं. म्हणाली, "डुकरांवर काय ग शिकायचंय एवढं?" म्हटलं, तान्ह्या मुलांना जुलाब करणारा विषाणू डुकराच्या पिल्लांनाही तसाच धरतो. आतडी आपल्यासारखीच असतात त्यांची. "शी! जेवताना काय बोलतेस," म्हणून उठून गेली.

१९ जाने.
डुकरीण व्याली. पिल्लू बाहेर आलं की उकळलेल्या कपड्यात झेलायचं, लगेच वेगळं ठेवायचं. आईचा चीक तोंडाला लागता कामा नये. चिकातून आईची ताकद पिल्लाला मिळते, मग विषाणू धरत नाही आणि सगळं काम पाण्यात.
माझी तिन्ही पिल्लं धडधाकट. माधवीच्या वाट्याची दोन मेलेलीच जन्मली. शेवटचं एक, तेही मरतुकडं. मी बाटल्या आणायला गेले. परत येते तो काय, ही बाई त्याला आचळाला लावून बसलेली! "अय्यो पाप, अय्यो पाप" चाललेलं. उणकलला घरी गाई आहेत यांच्या. चीक न पाजता वासरू बाजूला करणं त्या घरात कुणाच्या स्वप्नातही यायचं नाही.
तिने मला पाहिलं नाही. मी मागे फिरले आणि बाटल्या वाजवत पुन्हा आले.

२ फेब्रुवारी
डोस पाजून झाले, म्हणजे कमजोर केलेला विषाणू. मी केलेला माझ्या पिल्लांना, तिने केलेला तिच्या मरतुकड्याला. पुढच्या आठवड्यात सगळ्यांना खरा विषाणू.

११ फेब्रु.
माझ्या तिघांनाही पाण्यासारखे जुलाब. दिवसभर साखर-मिठाचं पाणी पाजत बसले. तिचं पिल्लू खुशाल लोळतंय! सर म्हणाले, "भले, माधवी!" माझ्या पिल्लांकडे वळूनसुद्धा बघितलं नाही.
ती हसली नाही. खाली बघत होती.
बोलले तर म्हणतील, वसूच्या पोटात दुखतंय. दुखतंयच. पण मी पाहिलं ते खरं आहे की नाही?

१४ फेब्रु.
बसमध्ये वाक्यं जुळवली. "सर, मला हे सांगायचं नव्हतं, पण..." कशाला खोटं? सांगायचंच आहे. कधी एकदा सांगते असं झालंय.

१७ फेब्रु.
दुपारी सरांकडे गेले. सांगून टाकलं सगळं. सर चष्मा पुसत ऐकत होते. मग म्हणाले, "माधवी सकाळीच येऊन सांगून गेली. रडत होती."
मी उठायला लागले.
"वसुधा, तू त्याच दिवशी पाहिलंस ना?"
"हो" म्हटलं आणि बाहेर पडले.
खरं बोलण्यातसुद्धा हीच पुढे. आणि तेही नेमकं काही तासांनी! जळो मेलं.

२१ फेब्रु.
इंग्लंडचं सर काही बोलत नाहीत. दुसरी डुकरीण आठवडाभरात विणार. या वेळी दोघींनी शेजारी शेजारी उभं राहून झेलायचं म्हणे.
मी सरांकडे गेले होते हे तिला कळलंय का? तोंडावरून काही पत्ता लागत नाही.
आज डबा घेऊन आली. घरची गाय व्याली. "अक्का, गिण्णु आणलाय." खरवसाला ती कानडीतच गिण्णु म्हणते.
म्हटलं, "नको, उपास आहे."
"तुमचा उपास गुरुवारी, अक्का. काल झाला."
डबा माझ्या टेबलावर ठेवून गेली. वेलचीचा वास येतोय. अजून उघडलेला नाही.